बिछडी: कागदावर फेरिक अ‍ॅलम, विहिरीत एच-अ‍ॅसिड

माल ३७५ टन. सांडपाणी ८,२५० घनमीटर. गाळ २,४४० टन. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात बिछडी गावाला लागून असलेल्या सिल्व्हर केमिकल्स या कारखान्याने जेमतेम वर्षभर एच-अ‍ॅसिड नावाचं रसायन बनवलं, त्याचा हा हिशेब सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आलेला आहे. भागाकार करून बघा. एक टन माल काढायला साडेसहा टन गाळ आणि २२ घनमीटर विषारी पाणी. माल परदेशी गेला, बाकीचं सगळं बिछडीत राहिलं.

पर्यावरणाच्या कायद्यांवर एकच प्रकरण वाचायचं तर कोणतं, असं विद्यार्थी विचारतात. बहुतेकांना भोपाळ अपेक्षित असतं. मी बिछडी सांगतो. भोपाळ एका रात्रीत घडलं आणि त्यानंतर आपण कायदा केला. बिछडीत जे झालं ते दिवसाढवळ्या, महिनोन् महिने, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या फायलीत नोंदी पडत असताना झालं. पाण्याचा कायदा १९७४ पासून होता, हवेचा १९८१ पासून, आणि भोपाळनंतर आलेला पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. मंडळाने नकारही वेळेवर कळवले होते. तरी विहिरी गेल्या. कायदा हाताशी असताना काय होऊ शकतं, हे समजून घ्यायला याहून नेमकं प्रकरण मला माहीत नाही.

एक आवार, पाच नावं

गावाच्या उत्तरेला हिंदुस्तान झिंक हा तेव्हाचा सरकारी उद्योग आधीपासून होता. त्यानंतर हिंदुस्तान अ‍ॅग्रो केमिकल्स ही खासगी कंपनी आली. तिच्याच आवारात पुढे सिल्व्हर केमिकल्स, ज्योती केमिकल्स आणि आणखी दोन कारखाने उभे राहिले. नावं पाच, पण चालवणारा गट एकच, असं न्यायालयाने नोंदलं आहे.

आता परवानग्यांचं बघू. रासायनिक कारखान्याला दोन पायऱ्या चढाव्या लागतात. आधी उभारणीसाठी ना-हरकत प्रमाणपत्र, आणि कारखाना सुरू करताना संमतीपत्र. दोन्हींमध्ये कोणता माल, किती प्रमाणात आणि त्यातून निघणाऱ्या घाणीचं काय करणार, हे लिहावं लागतं. संमती मिळते ती त्या मालापुरती आणि त्या प्रमाणापुरती. माल बदलला की संमती संपली.

राजस्थानच्या मंडळाने शपथपत्रावर जे सांगितलं ते असं. हिंदुस्तान अ‍ॅग्रोने ना-हरकत घेतली होती सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि अ‍ॅल्युमिनियम सल्फेटसाठी. प्रत्यक्षात बनवायला घेतलं ओलियम, म्हणजे अतितीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड, आणि सिंगल सुपर फॉस्फेट हे खत. म्हणून तिला संमती नाकारली गेली. ज्योती केमिकल्सने ना-हरकत घेतली फेरिक अ‍ॅलमसाठी, म्हणजे गढूळ पाणी निवळायला वापरतात त्या पदार्थासाठी. पुढे तिने एच-अ‍ॅसिडसाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला. सिल्व्हर केमिकल्सची तऱ्हा सगळ्यांत सरळ: तिने पूर्वसंमती घेतलीच नाही. १९८८ च्या फेब्रुवारीत उत्पादन सुरू केलं, एप्रिलअखेर मंडळाने बंद करण्याची नोटीस दिली, मे महिन्यात कंपनीने संमतीचा अर्ज टाकला आणि तोही नाकारला गेला.

म्हणजे मंडळाने दिलेलं प्रत्येक उत्तर कायद्याला धरून होतं. आणि कारखाना १९८९ च्या जानेवारीपर्यंत चालू होता.

या अकरा-बारा महिन्यांवर माझी नजर नेहमी अडकते. पुढे जे काही झालं, कोर्टकचेरी, तज्ज्ञांचे अहवाल, कोट्यवधींची वसुली, ते सगळं या एका वर्षात तयार झालेल्या गाळाचं निस्तरणं होतं.

गाळ कुठून आला

कायद्याची चर्चा करताना लोक रसायनशास्त्राला टाळतात. इथे टाळून चालणार नाही, कारण माल बदलणं म्हणजे किती बदलणं, ते त्याशिवाय कळत नाही.

एच-अ‍ॅसिड हे कपड्यांच्या रंगांसाठी लागणारं मधल्या टप्प्याचं रसायन. सुरुवात नॅफ्थलीनपासून होते, कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांत असतं तेच. त्यावर आधी ओलियम किंवा तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिडची क्रिया करतात, मग नायट्रिक अ‍ॅसिडची. यात भरपूर आम्ल उरतं, ते मारायला चुना घालतात, आणि चुना व सल्फ्युरिक अ‍ॅसिड एकत्र आले की जिप्सम खाली बसतं. हा पहिला गाळ. जिप्सम एरवी निरुपद्रवी, शेतातही टाकतात. पण हे जिप्सम सेंद्रिय रसायनांनी भिजलेलं असतं. पुढच्या टप्प्यात लोखंडाचा कीस टाकून रासायनिक क्रिया घडवतात आणि कीस काळ्या लोहगाळाच्या रूपात बाहेर पडतो. हा दुसरा. नंतर कॉस्टिक सोड्याबरोबर दाबाखाली तापवणं आणि शेवटी पुन्हा आम्ल घालून माल वेगळा करणं. मालाबरोबर न आलेलं सगळं उरलेल्या पाण्यात राहतं. ते पाणी अतिशय आम्लधर्मी आणि क्षारांनी भरलेलं असतं.

या रसायनांचा एक गुण नीट लक्षात ठेवण्यासारखा आहे. नॅफ्थलीनच्या सांगाड्यावर सल्फोनिक गट बसले की पदार्थ पाण्यात सहज विरघळतो, पण जिवाणूंना तो सहजासहजी मोडता येत नाही. असा पदार्थ जमिनीवर पडला तर मातीच्या कणांना फारसा धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली जातो आणि खाली गेल्यावर टिकून राहतो. अरवलीचा हा कठीण खडकाचा प्रदेश आहे. इथे भूजल खडकाच्या भेगांमधून सरकतं, त्यामुळे वाळूच्या थरांतून गाळून निघावं तसंही फारसं होत नाही.

बिछडीत सांडपाणी प्रक्रिया न करता सोडलं जात होतं आणि गाळ आवारात व आसपास उघड्यावर पडत होता. त्यात भर अशी की सल्फ्युरिक अ‍ॅसिडच्या प्लांटमधून बाहेर पडणारं पाणी या गाळातूनच वाहू दिलं जात होतं. न्यायालयाने आपल्या निकालात याचा मुद्दाम उल्लेख केला आहे, आणि तो का केला हे वरच्या रसायनावरून कळतं. चहाच्या पुडीवरून उकळतं पाणी ओतावं तसं ते होतं. आम्ल गाळातली विषं सोडवून घेणार आणि जमिनीत नेऊन सोडणार. एका कारखान्याची घाण दुसऱ्याच्या घाणीला वाहन पुरवत होती. प्रत्येक कारखान्याची फाईल वेगळी असेल तर ही गोष्ट कोणत्याच फायलीत दिसत नाही.

विहिरींचं पाणी काळवंडलं. माणसांना पिता येईना, गुरांना पाजता येईना, पिकांना देता येईना. जमीन कसण्याजोगी राहिली नाही. संसदेत प्रश्न उपस्थित झाला, मंत्र्यांनी कारवाई चालू असल्याचं सांगितलं. जागेवर काही हललं नाही तेव्हा गावकरी उठले. परिस्थिती इतकी चिघळली की जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी १४४ कलमाखाली जमावबंदी लागू केली. १९८९ च्या जानेवारीत सिल्व्हर केमिकल्स बंद पडली ती अशी.

कायद्यात काय होतं

पाण्याच्या कायद्याची भाषा वाचणाऱ्याला एक ठिकाणी थांबायला होतं. कलम २ मध्ये ‘प्रवाह’ या शब्दाची व्याख्या आहे. त्यात नदी येते, ओढा येतो, मग तो त्या वेळी कोरडा का असेना, तलाव येतो, आणि जमिनीखालचं पाणीही येतं. बिछडीच्या विहिरींना पाणी देणारी खडकातली भेग कायद्याच्या नजरेत एक प्रवाह आहे. कलम २४ प्रमाणे प्रवाहात, विहिरीत किंवा जमिनीवर विषारी पदार्थ जाणूनबुजून जाऊ देणं हा तेव्हा गुन्हा होता; ‘जमिनीवर’ हा शब्द त्यात १९८८ च्या दुरुस्तीने आला. तेव्हा गाळ आमच्याच आवारात पडला होता, नदीत सोडला नव्हता, ही पळवाट कायद्याने बुजवलेली होती. कलम २५ संमतीचं.

मग मंडळाचा हात का पोचला नाही? एक कारण कायद्याच्या इतिहासात सापडतं. मूळ १९७४ च्या कायद्यात मंडळाला प्रदूषण रोखायचं तर कलम ३३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागे. कारखाना बंद करा, वीज तोडा, पाणी तोडा असा आदेश मंडळाने स्वतः काढण्याची सोय कलम ३३-अ ने झाली. हे कलम १९८८ च्या दुरुस्तीने आलं आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर लागू झालं. सिल्व्हर केमिकल्सला नोटीस गेली एप्रिलमध्ये. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ५ मध्ये असे आदेश काढायचा अधिकार केंद्र सरकारला १९८६ पासून होता, पण केंद्राकडून तो वेळेत वापरला गेला नाही.

हे कारण पुरेसं आहे असं मला वाटत नाही. सप्टेंबरनंतरही जानेवारीपर्यंत चार महिने होते. पण नियमन करणाऱ्या संस्थेचं मोजमाप तिने काढलेल्या पत्रांवरून होत राहिलं की काय होतं, ते या चार महिन्यांत दिसतं. नकार पाठवला की फाईल पूर्ण होते. विजेची तार तोडली की नाही हे फाईल विचारत नाही.

हवेच्या कायद्याबद्दल थोडक्यातच सांगता येईल. सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि ओलियमच्या प्लांटला कलम २१ खाली वेगळी संमती लागते, आणि बंदीचा आदेश काढण्याचा अधिकार देणारं कलम ३१-अ त्या कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने आलं होतं. बिछडीत खरा घाव पाणी आणि जमिनीवर बसला, म्हणून निकालात हवेचा भाग मागे राहतो.

घातक कचऱ्याची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. घातक कचऱ्याचं व्यवस्थापन आणि हाताळणी यांचे पहिले नियम देशात लागू झाले २८ जुलै १९८९ रोजी. कारखाना जानेवारीत बंद झालेला. म्हणजे गाळ तयार होत असताना गाळासाठी वेगळे नियमच नव्हते. तो पाण्याच्या कायद्याच्या कलमांत बसवून बघावा लागत होता. नियम आले तेव्हा गाळ पडून होता, आणि तो पडून असेपर्यंत तो ज्याच्या ताब्यात आहे त्याची जबाबदारी संपत नाही.

न्यायालयात

इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल अ‍ॅक्शन या संस्थेने १९८९ च्या ऑगस्टमध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. कंपन्यांचा पहिला बचाव तांत्रिक होता: आम्ही खासगी कंपन्या आहोत, राज्यसंस्था नाही, तेव्हा मूलभूत हक्कांसाठीची घटनेच्या अनुच्छेद ३२ खालची याचिका आमच्याविरुद्ध चालू शकत नाही. न्यायालयाने हा प्रश्न उलटा मांडला. याचिकेचं म्हणणं असं की केंद्र सरकार, राज्य सरकार आणि प्रदूषण मंडळ यांनी कायद्याने नेमून दिलेलं काम केलं नाही आणि त्यामुळे लोकांच्या जगण्याच्या हक्कावर घाला पडला. ते काम त्यांच्याकडून करून घेणं हा न्यायालयाचा अधिकार आहे. काम करून घेताना कंपन्यांवर आदेश काढावे लागले तर ते काढता येतील.

दुसरा बचाव म्हणजे शेजारच्या झिंक कारखान्याकडे दाखवलेलं बोट. प्रदूषणाच्या प्रत्येक प्रकरणात हे होतं, आणि मला ते पूर्णपणे गैर वाटत नाही. औद्योगिक पट्ट्यात दोषी अनेक असू शकतात, पुरावा वेगळा करावाच लागतो. पण जस्ताच्या कारखान्यातून एच-अ‍ॅसिडचा गाळ निघत नाही. तिसरी तक्रार अशी की राजस्थानचं मंडळ आमच्यावर डूख धरून आहे, त्याचे अहवाल मानू नयेत. न्यायालयाने बाहेरच्या तज्ज्ञांना जागेवर पाठवलं, नागपूरच्या नीरीला, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेला, अभ्यास करायला सांगितलं, आणि निष्कर्ष बदलले नाहीत.

मधल्या काळात गाळ सुरक्षित खड्ड्यांत बंद करून ठेवण्याचा आदेश झाला होता. तेव्हा कळलं की २,४४० टनांपैकी खड्ड्यांत आहे तो सुमारे ७२० टन. उरलेल्याचा माग लावताना दिसलं की तो आजूबाजूच्या जमिनीवर पसरून वर माती टाकली आहे. सतराशे टनांहून अधिक. ढिगात पडलेला गाळ उचलून नेता येतो. मातीत कालवलेला गाळ म्हणजे ती सगळी माती गाळ झाली. तपासापासून वाचायला केलेल्या या एका गोष्टीने साफसफाईचं काम कित्येक पटींनी वाढवलं. पुढे नीरीच्या अहवालात जो आकडा आला तो ३५० हेक्टर दूषित जमीन आणि कारखान्याच्या आवाराबाहेर सहा ठिकाणी टाकलेले ढीग, असा होता.

१३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल लागला. खंडपीठ न्यायमूर्ती बी. पी. जीवन रेड्डी आणि न्यायमूर्ती बी. एन. किरपाल यांचं. निकालाची भाषा न्यायालयीन निकालांत क्वचित आढळते इतकी संतप्त आहे. या कारखान्यांना त्यांनी बेमुर्वत, उपद्रवी उद्योग ठरवलं, सगळे प्लांट बंद करून त्यांना सील लावायला सांगितलं आणि मालमत्तेवर जप्ती आणली. पाश्चात्त्य देशांत एच-अ‍ॅसिडच्या उत्पादनावर बंदी असल्याचं सांगितलं जातं, पण त्यांची गरज संपलेली नाही आणि ती भागवतात आपल्याकडचे असे कारखाने, हेही न्यायमूर्तींनी लिहून ठेवलं.

कायद्याच्या विद्यार्थ्याने मात्र राग बाजूला ठेवून निकालातले दोन दुवे पकडावेत.

पहिला दुवा जबाबदारीचा. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियमची गळती झाली होती. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुळातच धोकादायक असलेला उद्योग चालवणाऱ्याने काळजी घेतली होती की नव्हती हे बघायचंच नाही, नुकसान झालं की भरपाई त्याची. इंग्रजी कायद्यातल्या जुन्या नियमाला दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचं कृत्य असे अपवाद आहेत, ते इथे लागू नाहीत. बिछडीच्या कंपन्यांचं म्हणणं होतं की ते विधान ओघात केलेलं आहे, बंधनकारक नाही. न्यायालयाने ते फेटाळलं आणि तोच नियम या देशाचा कायदा म्हणून लागू केला.

दुसरा दुवा पैशाचा, आणि माझ्या मते या प्रकरणाचं खरं वजन तिथे आहे. गुन्हेगाराला शिक्षा झाली तरी जमीन साफ होत नाही. साफ करायला पैसा लागतो, आणि तो कुणाकडून घ्यायचा याबद्दल कायद्यात पुरेशी स्पष्ट तरतूद नव्हती. पर्यावरण संरक्षण कायद्याचं कलम ३ म्हणतं की पर्यावरणाचं रक्षण आणि सुधारणा यांसाठी आवश्यक ते सर्व उपाय केंद्र सरकार योजू शकतं. न्यायालयाने या ‘सर्व उपाय’मध्ये साफसफाईचा खर्च घाण करणाऱ्याकडून वसूल करण्याचा अधिकारही सामावलेला आहे, असा अर्थ लावला. करील त्याने भरावं, हे तत्त्व तोवर आंतरराष्ट्रीय चर्चांमध्ये आणि जाहीरनाम्यांत होतं. बिछडीने त्याला भारतीय कायद्यातलं कलम दिलं, ज्यावर बोट ठेवून वसुलीची नोटीस काढता येते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या चर्मोद्योगांच्या वेल्लोर खटल्यात हे तत्त्व आणखी पुढे नेलं गेलं, आणि २०१० च्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २० मध्ये ते शब्दांत आलं.

गावकऱ्यांच्या व्यक्तिगत नुकसानभरपाईचा प्रश्न न्यायालयाने दिवाणी कोर्टावर सोपवला. त्यांनी दावे लावावेत, गरिबीमुळे कोर्ट फी परवडत नसेल तर तशी सवलत मागावी. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे, कारण कुणाची किती विहीर, किती पीक, किती गुरं गेली याचा पुरावा सर्वोच्च न्यायालयात घेता येत नाही. पण ज्याची विहीरच गेली त्याला आणखी एक खटला लढायला सांगणं हे ओझं आहेच, आणि निकालातली ही जागा मला दर वेळी अपुरी वाटते.

३७ कोटी ३८ लाख ५० हजार

जमीन आणि भूजल पूर्ववत करण्याच्या खर्चाचा अंदाज होता ३७.३८५ कोटी रुपये. ४ नोव्हेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम भरण्याचा आदेश दिला.

रक्कम भरली गेली नाही. एकामागून एक अंतरिम अर्ज येत राहिले. आकड्याबद्दल शंका, पद्धतीबद्दल शंका, नवा अभ्यास करा, परिस्थिती आता सुधारली आहे, जप्ती उठवा. प्रत्येक अर्जाला तारीख पडते, प्रत्येक तारखेला महिने जातात. १८ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि एच. एल. दत्तू यांच्या खंडपीठाने याचा सोक्षमोक्ष लावला. अंतिम निकालाला पंधरा वर्षं झाली तरी तो अमलात येऊ नये म्हणून खटला जाणूनबुजून जिवंत ठेवला गेला, असं त्यांनी नोंदलं. आदेश असा: ३७.३८५ कोटी, त्यावर ४ नोव्हेंबर १९९७ पासून रक्कम भरेपर्यंत दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याज, शिवाय १० लाख रुपये खर्चापोटी.

चक्रवाढ या शब्दाकडे लक्ष द्या. पावणेचौदा वर्षांचं १२ टक्के चक्रवाढ धरलं तर मुद्दल साडेचार पटींहून वर जातं, म्हणजे निकालाच्या दिवशीच ही रक्कम १७५ कोटींच्या आसपास होते. न्यायालयाचा विचार सावकाराचा नव्हता. भरायचे पैसे ज्याने इतकी वर्षं वापरले त्याने त्यातून कमाई केली, ती त्याच्याकडे राहू देणं म्हणजे वेळकाढूपणाला बक्षीस देणं झालं. सरळ व्याज लावलं असतं तर खटला लांबवणं हाच फायद्याचा धंदा ठरला असता. पर्यावरणाच्या खटल्यांत काम करणाऱ्या प्रत्येकाने २०११ चा हा निकाल १९९६ च्या निकालाइतकाच बारकाईने वाचायला हवा, कारण पहिल्या निकालाने हक्क दिला आणि या निकालाने तो बुडवणं महाग केलं.

आज असा कारखाना आला तर

नियम बरेच बदललेत. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत कृत्रिम रंग आणि त्यांची मधली रसायनं बनवताना निघणारा गाळ पहिल्याच अनुसूचीत आहे, म्हणजे तो घातक कचऱ्यातच धरला जातो. असा कचरा साधारणपणे नव्वद दिवसांपेक्षा जास्त आवारात ठेवता येत नाही. बाहेर न्यायचा तर सोबत वाहतुकीची पावती लागते, सात प्रतींत, प्रत्येक प्रतीचा रंग ठरलेला: एक मंडळाकडे, एक वाहतूकदाराकडे, एक कचरा घेणाऱ्याकडे, असं. निघाला किती आणि पोचला किती याचा मेळ बसला पाहिजे. बिछडीत ही पावती असती तर गाळातली तूट पहिल्याच तिमाहीत दिसू लागली असती.

शिक्षेची बाजू मात्र दुसरीकडे सरकली आहे. पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास कायद्याने २०२४ पासून बहुतेक उल्लंघनांसाठी कैदेच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. पाण्याच्या कायद्यातही २०२४ च्या दुरुस्तीने असाच बदल झाला, आणि ही दुरुस्ती सुरुवातीलाच ज्या दोन राज्यांना लागू झाली त्यात हिमाचल प्रदेशाबरोबर राजस्थान आहे. संमतीशिवाय कारखाना चालवण्यासाठीची कैद त्यात कायम ठेवली आहे, ही जमेची गोष्ट. दंड अधिकाऱ्याने लावायचा असल्यामुळे तो लवकर लागेल, हा बदलामागचा युक्तिवाद मी समजू शकतो. फौजदारी खटले वर्षानुवर्षं रखडत होते हे खरं आहे. पण १५ लाखांची कमाल रक्कम बिछडीच्या साफसफाईच्या मुद्दलाशेजारी ठेवली तर ती जेमतेम अडीचशेवा हिस्सा होते. तेव्हा नव्या व्यवस्थेत दंड हा दंडच समजावा, साफसफाईची वसुली वेगळी आणि पूर्ण करावी. कलम ३ चा बिछडीने लावलेला अर्थ आजही तसाच लागू आहे, आणि हरित न्यायाधिकरण तो वापरू शकतं.

मंडळात नव्याने लागलेल्या अभियंत्यांना मी या प्रकरणातून एकच काम सांगतो, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. तपासणीला गेल्यावर सांडपाण्याचा नमुना घ्यायच्या आधी गोदामाची आवक-वही मागा. संमतीपत्रावर लिहिलेला माल डोळ्यांसमोर ठेवा आणि त्या मालाला लागत नाही असं काय आवारात येतं ते बघा. फेरिक अ‍ॅलमला नॅफ्थलीन लागत नाही, नायट्रिक अ‍ॅसिडही लागत नाही. मग जेवढा माल विकला त्यावरून गाळ किती व्हायला हवा ते मांडा आणि तेवढा गाळ दाखवा म्हणा. १९८८ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, बिछडीच्या विहिरी अजून वाचवता येत होत्या तेव्हा, वही हातात घेऊन केलेली एवढी बेरीज-वजाबाकी पुरली असती.